प्रीअँपची निवड

३ मार्च
नापसंत! माझ्या ग्रंथाचे श्राव्य पुस्तक माझ्याच आवाजात व्हावे, हा माझा आग्रह. नमुना ऐकून संपादिकाबाई म्हणतात, मागे सतत खरखर आहे. पंधरा तारखेपर्यंत स्वच्छ नमुना द्या, नाहीतर बाहेरचा वाचक नेमू. बाहेरचा! तो माझ्या सामासिक शब्दांची भर रस्त्यात हाडे मोडील.

४ मार्च
अपराधी सापडला. माइकमधून निघणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. त्याला बळ देतो तो प्रीअँप. माझा माइक मुळातच मितभाषी, आणि तो संगणकाला ज्या डबीतून जोडतात, तिच्यातला प्रीअँप अशक्त. बटण शेवटपर्यंत पिळले की माझ्या आवाजासोबत तो आपला सुस्काराही वाढवून पाठवतो. मी त्याचे ‘पूर्वविवर्धक’ असे नामकरण केले. ही म्हणाली, नामकरण झालं असेल तर माझे कपडे त्या कपाटात परत कधी जाणार ते सांगा. (सध्या ते कपाट म्हणजे स्टुडिओ आहे.)

७ मार्च
मेहुणा गायकांचे ध्वनिमुद्रण करतो. त्याने दोन प्रीअँप पारखायला दिले. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीतूनही ऐकू येतो, तेव्हा स्वतः बोलून पारख अशक्य. म्हणून हिला माइकपुढे बसवले, हाती माझे पहिले प्रकरण दिले, हेडफोन मी चढवले.

८ मार्च
निकाल: दुसरा निर्विवाद श्रेष्ठ. त्यात ऊब आहे, खोली आहे, एक अभिजात भारदस्तपणा आहे. मेहुण्याला तसे सविस्तर कळवले.

९ मार्च
मेहुण्याचे उत्तर एका ओळीचे — “भावजी, दोघांची पातळी सारखी केली होती ना?”
नव्हती. दुसरा केवळ मोठ्याने वाजत होता. पातळी जुळवली, ऊब गेली, खोली गेली, अभिजातता तर तोंड दाखवेना. मोठ्या आवाजाला थोर विचार समजणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली — आणि हे!
हिला पहिले प्रकरण पुन्हा वाचायला लावले. मग पुन्हा.

१२ मार्च
कोणता चालू आहे हे न पाहता ऐकले. पहिला! खरखर नाहीशी. त्यावर माझे वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवले. सोबत तुलनेचा पुरावा म्हणून हिच्या सगळ्या चाचण्या, प्रत्येकीवर माझ्या टिपणासह. परिश्रम म्हणजे काय, हे बाईंनाही कळू दे.

१५ मार्च
संपादिकाबाईंचा फोन. माझ्या टिपणांविषयी चकार शब्द नाही. दोन्ही प्रीअँप चालतील, म्हणाल्या. मग — “सर, त्या चाचण्यांमध्ये वाचणाऱ्या बाई कोण? त्यांच्या तोंडून ऐकलं आणि तुमचं म्हणणं मला पहिल्यांदाच कळलं.”
त्या केवळ चाचणीपुरत्या आहेत, असे मी बाणेदारपणे सांगितले. फोन ठेवला. मग हिच्या चाचण्या ऐकल्या. प्रथमच प्रीअँपकडे लक्ष न देता.
संध्याकाळी हिला विचारले. ही हसेल असे वाटले होते. हसली नाही. म्हणाली, “वाचीन. पण चौथ्या पानावरचं ते वाक्य तोडा. त्यात श्वास घ्यायला जागाच नाही.”
साफ नकार दिला. त्या वाक्यावर माझी कीर्ती उभी आहे.

१६ मार्च
त्या वाक्याची तीन वाक्ये केली. मधले अनावश्यक निघाले.