पक्षाच्या टॉवेलांचा हिरवा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
आज झालं ते असं:
१. स्लोव्हेनियातल्या एका पक्षाने आमच्या कारखान्याला दोन हजार टॉवेल सांगितले. छोटा पक्ष. पर्यावरणवादी, ना डावा ना उजवा. संसदेत एकही जागा नाही. टॉवेल पक्षाच्या अधिवेशनात विकणार.
२. रंग त्यांच्या झेंड्याचा – झगझगीत हिरवा.
३. रंगखातं माझ्याकडे, म्हणून मीच नमुना रंगवला. जुळला.
४. हा हिरवा फिरोजी रंग मिसळल्याशिवाय येत नाही. फिरोजी सुतावर नीट बसत नाही, धुताना बराच वाहून जातो, आणि त्यात तांबं असतं. आमच्याकडचा सगळ्यात घाण रंग!
५. सांडपाणी शुद्ध करायचा पंप दिवाळीआधीपासून बंद. पाणी थेट नाल्यात.

११ नोव्हेंबर
मालकांना, सिद्धलिंगप्पांना – आमच्या अप्पांना – सांगितलं. हसले. ‘अगं, ते मतं मागणार हायत, नाल्याचं पाणी पिणार न्हाईत की.’ मग म्हणाले, ही ऑर्डर गेली की पंप दुरुस्त करू. करतीलही.

१३ नोव्हेंबर
पक्षाच्या सचिवबाईंची मेल. सभासद नऊशे. सगळं सर्वांच्या संमतीने – हिरव्याची छटा ठरवायलाच चार महिने गेले म्हणे! शेवटी एकच प्रश्न: रंगाचं पाणी कुठे जातं?
अप्पा म्हणाले, ‘शुद्ध करून सोडतो म्हणून लिही. तुझं इंग्रजी बरं हाय.’
लिहिलं नाही. अप्पांनी परत विचारलं नाही. मी लिहिलंय, असं धरून चाललेत.

१५ नोव्हेंबर
मागावरच्या गोजाबाईंनी जिन्यात अडवलं. ऑर्डर पक्की का, म्हणून. महिनाभर त्यांना आठवड्यातून तीनच दिवस काम आहे. ‘हिरवा असू दे न्हायतर काळा, बाई. माग चालू दे.’
मी नुसती मान हलवली. त्यांनी तो होकार समजला.

१६ नोव्हेंबर
सुट्टी असूनही कारखान्यात गेले. न रंगवलेल्या सुताचा एक टॉवेल विणून घेतला. पक्षाच्या चिन्हातलं पान नुसतं विणीतच उठवलं. लांबून दिसत नाही. हात फिरवला की कळतं.

१७ नोव्हेंबर
मेल पाठवली. अप्पांना प्रत. मजकूर असा:
‘आमचा पंप बंद आहे. रंगाचं पाणी शुद्ध न होता नाल्यात जातं. तुमचा हिरवा आमच्या रंगांत सर्वांत वाईट. कृपया ऑर्डर रद्द करू नका, बिनरंगी टॉवेल घ्या. नमुन्याचा फोटो सोबत आहे. शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत हो किंवा नाही कळवावे.’