पुष्पावहिनीला समजेल असं

पुणे, फेब्रुवारी १९७६

प्रिय पुष्पावहिनी,

"त्या मशीनवर तू नेमकं काय करून राह्यली, मले समजेल असं सांग," असं तू मागच्या पत्रात दटावलंस. सांगते.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर जिल्ह्याजिल्ह्यांच्या पावसाचे तक्ते छापतात. कुणाला इंच हवेत, कुणाला मिलिमीटर, कुणाला रुंद कागद. आधी प्रत्येकासाठी अख्खा प्रोग्रॅम वेगळा होता. एक चूक सापडली की सगळीकडे सुधारत बसा. मी तक्त्याची नेहमीची एकच मांडणी ठेवली आणि प्रत्येक बदलाचं छोटं फंक्शन, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनांचा एक तुकडा, लिहिला. ते फंक्शन मांडणी घेतं, आपल्यापुरता एकच बदल केलेली नवी मांडणी पुढच्याच्या हाती देतं. मूळ मांडणीला धक्का नाही. ज्याला जे बदल हवेत तेवढीच फंक्शनं एकामागे एक जोडायची. न सांगितलेलं सगळं नेहमीसारखं. तू नाही का, साध्या वरणातून दादाची वाटी वेगळी काढून तिखट फोडणी देतेस, पातेल्यातलं तसंच राहतं? तसंच हे.

साहेबांनी आधी नाक मुरडलं. पण आपल्या बालाघाटचा तक्ता हवा तसा एका दुपारीच निघाला, तेव्हा ते स्वतः कागद हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. या महिन्यात मला नोकरीत कायम केलं.

ऑर्डर हातात आली तेव्हा तूच आठवलीस. हे गेल्यावर मधूला कडेवर घेऊन मी माहेरी आले, तेव्हा गोदाआत्या म्हणाली होती, "आता शिकून काय करते? शिवणाची मशीन घेऊन द्या तिले." तू चुलीपुढून उठलीस. "पोराले मी सांभाळीन. साधना, तू जाय." किरनापूरला माहेरी भावाच्या लग्नाला गेलीस तरी मधू तुझ्याबरोबर. त्याला गोवर आला ते मला तो बरा झाल्यावर कळवलंस, कारण माझी परीक्षा होती. त्या वेळी तू किती जागलीस, हे अजून सांगितलं नाहीस.

वहिनी, मला इथं दोन खोल्या मिळाल्यात, जवळच शाळा आहे. मे महिन्यात मी मधूला न्यायला येतेय. हे एवढं लिहायलाच पत्र लांबलं. तू "हौ, ने" म्हणशील आणि न्हाणीत जाऊन रडशील. म्हणून आत्ताच सांगते, तो तुला आई म्हणतो ते तसंच राहू दे. मला साधनाआई म्हणेल. आणि तो रुळेपर्यंत तूही चल. गाडीत खिडकीशी तो, त्याच्याजवळ तू. मी समोर बसेन.

तुझ्या जिवावर शिकलेली, तुझीच
साधना