काळ्या मसाल्याच्या शेवटच्या आकड्याबाबत

मी, मंगलाबाई सावळीराम जेजुरकर, राहणार द्वारका, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. दडपण आणणारे घरात आहेत, पण मला हल्ली ऐकू कमी येते.

राहते घर मुलगा योगेश व सून उज्वला यांना निम्मे-निम्मे. बँकेतील ठेव नात भाग्यश्री हिच्या शिक्षणाला. लग्नात त्यातले काही उधळू नये.

काळ्या मसाल्याचा धंदा, कांडप यंत्र आणि पाकिटावरचे नाव एकट्या उज्वलाला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर योगेश वेगळेच सांगेल.

२००३ साली कॉलेज रोडचे एक मोठे दुकान आमचा मसाला ठेवायला तयार झाले. अट एकच, पाकिटावर बारकोड हवा. नोंदणीच्या माणसाने आम्हा सगळ्यांना बसवून समजावले. आकडे तेरा. प्रत्येकाच्या दोन काळ्या, दोन पांढऱ्या पट्ट्या, जाडी वेगवेगळी. फक्त पहिल्या आकड्याला स्वतःच्या पट्ट्या नसतात. पुढचे सहा कोणत्या धाटणीने छापलेत यावरून तो ओळखायचा. (माझे दीर मल्हारी यांचेही तसेच. ते त्यांच्या सासऱ्यांच्या बंगल्यावरून ओळखले जातात.) शेवटचा आकडा आपल्या मर्जीचा नसतो. आधीच्या बारांना आळीपाळीने एकाने आणि तिनाने गुणायचे, बेरीज करायची, दहाच्या पुढच्या पटीला जेवढे कमी पडतील तो आकडा. दुकानातले मशीन हाच हिशेब करते. जुळला नाही तर वाचत नाही.

मल्हारी भाऊजी अंकशास्त्र बघतात. म्हणाले, "वहिनी, शेवटी चार आलाय. चार म्हणजे राहू. नऊ करून टाका, मंगळ आहे."

मी नाही म्हटले. योगेशने मला न सांगता छापखान्यात चाराचा नऊ करवला, पट्ट्यांसकट.

पहिल्याच दिवशी दुकानातले मशीन गप्प. रांग खोळंबली. भाऊजींनी मशीनच्या काचेला कुंकू लावले, तेव्हा ते दुसऱ्यांचा मालही वाचेना. मॅनेजरने आमचा टेम्पो परत धाडला. म्हणाला, "सोमवारी नीट करून आणा, नाहीतर आणूच नका."

योगेश दार लावून झोपला. उज्वलाने चाराचे स्टिकर छापून आणले आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन एकेका पाकिटावर चिकटवले. सोमवारी नेमकी अमावस्या, म्हणून योगेश निघाला नाही. ती एकटी गेली. मशीन वाजले. मसाला अजून तिथे विकला जातो, आणि योगेश पाहुण्यांना सांगतो की काकांच्या कुंकवाचा गुण जरा उशिरा आला.

हे लिहिणार म्हटल्यावर उज्वला म्हणाली, "आई, लोक म्हणतील हिनंच लिहून घेतलं."

"म्हणू देत. मसाला तुझ्याकडूनच नेतील."

योगेशला धंद्यात पगारी नोकरी मिळेल, उज्वलाला वाटले तर. नवाच्या पट्ट्यांची उरलेली रिकामी पाकिटे भाऊजींना द्यावीत, मंगळासह.

भाऊजींनी आताच निरोप धाडला आहे की आजचा दिवस बरा नाही, सही गुरुवारी करावी. म्हणून आजच करते.

मंगलाबाई सावळीराम जेजुरकर (सही)

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. प्रतिभा लहानू विधाते, शेजारीण (सही)
२. सहादू पुंजा गांगुर्डे, मिरचीचे व्यापारी, वणी (सही)

नाशिक, मंगळवार, ७ मार्च २००६