बटणांच्या डब्यात

अहो,

ही चिठ्ठी हातात पडली म्हणजे तुम्ही बटणांच्या डब्यात चॉकलेटं शोधत होतात. ती नाहीत. इस्त्रीच्या टेबलाखालची बिस्किटंही शेजारी वाटून टाकली. तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून आता सांगणं बंद.

काल तुम्ही मशीन चालवत होतात आणि मी खाली बसून चिंध्या गोळा करत होते. तुमच्या टाचेत टाचणी रुतलेली दिसली, पार डोक्यापर्यंत. मी ती ओढून काढली. तुमचा पाय थांबला नाही, गुणगुणणंही थांबलं नाही. पूर्वी एवढीशी टाचणी टोचली तरी घर डोक्यावर घ्यायचात.

साखर अशीच वाढत राहिली तर पायांची जाणीव जाते, हे डॉक्टरांनी गेल्या वेळीच सांगितलं होतं म्हणे. बाहेर येऊन तुम्ही मला म्हणालात, "सगळं ठणठणीत आहे." आज मी फोन करून त्यांनाच विचारलं. त्यावर घरी आल्यावर बोलू.

मी दवाखान्यात नंबर लावायला गेले आहे. दुकानाला कुलूप घाला आणि लगेच या. गिऱ्हाईक थांबेल. चपला घालून या, अनवाणी फिरणं संपलं. चहा आजपासून बिनसाखरेचा, माझासुद्धा. रुसायचं असेल तर खुशाल रुसा.

ती टाचणी याच डब्यात, तळाशी टाकली आहे. चॉकलेटं चाचपताना टोचली असेल तर बरंच झालं. बोटांना अजून कळतंय.