मोटरची खोड मोडली

प्रिय चिमे,

जिंकले! पत्राची सुरुवात खुशालीने करावी एवढं मलाही कळतं, पण आज तेवढा धीर नाही. ओट्याखालच्या कपाटातली ती पाण्याची मोटर, नळ उघडला रे उघडला की अख्खं घर दणाणून सोडणारी, तिला मी काल गप्प बसवलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पदर खोचून, फरशीवर पालथी पडून. गेले आठ महिने तू मला फोन करत नाहीस. शेजारच्या मास्तरीणबाईंना मात्र करतेस, माझी चौकशी करतेस, आणि तुझं पिल्लू बोलायला लागलंय हे मला त्यांच्या तोंडून कळतं. त्या गुरुवारचा राग अजून गेलेला नाही, ठाऊक आहे मला. रागव. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी माझी फजिती. मला वाटलं, आवाज मोटर करते, तर मोटरलाच गुंडाळावं. दोन जुन्या रजया तिच्याभोवती लपेटल्या, वर एक उशी दाबून बसवली. पंधरा मिनिटांत जळका वास सुटला आणि बाईसाहेब तापून बंद पडल्या. प्लंबर आला तो रजया बघून हसतच सुटला. शेवटी ठसका लागला आणि त्याला पाणी द्यावं लागलं, तेही बादलीतलं, कारण नळ कोरडे. मोटर गार झाल्यावर त्याने चालू करून दिली आणि मोटर म्हटली की आवाज करणारच, असं मला समजावून गेला. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर काढलेल्या बाईला हा मशीनचं शहाणपण शिकवणार!

आठवतं तुला? शाळा सुटली की तू कारखान्याच्या फाटकाशी यायचीस, आणि एवढ्या गोंगाटात आपला माग बिघडल्याचं कसं कळतं म्हणून विचारायचीस. कानाने नाहीच कळायचं गं. तळहात चौकटीवर ठेवायचा, थरथर बदलली की समजायचं. प्लंबर गेल्यावर मी तसाच हात मोटरवर ठेवला, मग पाइपवर, मग भिंतीवर. आणि चोर सापडला! मोटर बिचारी थोडीशीच थरथरत होती, भिंत मात्र पार झोपायच्या खोलीपर्यंत कापत होती. मोटर फरशीला बोल्टने करकचून आवळलेली, लोखंडी पाइप पट्ट्यांनी भिंतीला जखडलेला, म्हणजे भिंतच वाजत होती. आमच्या मागांच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे असायचे, ते मला आत्ता कुठे आठवले.

काल प्लंबरला परत बोलावलं आणि मी सांगेन तसं करायला लावलं. मोटरच्या पायांखाली जाड रबर, बोल्ट बेताचेच आवळलेले. मोटरजवळचा हातभर लोखंडी पाइप कापून तिथे लवचीक नळी, आणि भिंतीवरच्या प्रत्येक पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तो नाक मुरडत होता, पण हात चांगला. शेवटी मी ओट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. एरवी मोटर लागली की वाटीतलं पाणी नाचायचं, सांडायचं. नळ सोडला. पाणी ढिम्म हललं नाही. मोटर चालू आहे ना, हे प्लंबरने दोनदा खाली वाकून पाहिलं. संध्याकाळी मास्तरीणबाई काळजीने विचारायला आल्या, मोटर बंद पडली का म्हणून. त्यांना आत नेऊन नळ उघडून दाखवला. इतकी मिरवले, इतकी मिरवले, की सोय नाही.

आता टाळत आले ते. त्या गुरुवारी तू पिल्लाला कडेवर घेऊन एवढ्या लांबून आलीस, आणि दाराला कुलूप. मी तुझ्या मावशीकडे गप्पा मारत बसले होते. मास्तरीणबाई शाळेतून येईपर्यंत चार तास तू पायरीवर बसलीस. येणार हे तू फोनवर सांगितलं होतंस, मीही हो हो म्हटलं होतं. माझं बोलणं तुझ्या कानातच शिरत नाही, अशी चिठ्ठी दाराच्या फटीतून टाकून गेलीस. खरंच शिरत नव्हतं, चिमे. दोन वर्षांपूर्वी तू बसवून दिलेलं कानाचं मशीन मी रोज लावते, असं तुला सांगत आले. ते चौथ्या दिवसापासून बटणांच्या डब्यात होतं. ते लावलं की मोटर अशी कडाडायची, जसा काही आमचा सगळा कारखाना स्वयंपाकघरात आलाय. काढून ठेवलं, आणि तुला कळू दिलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. फोनवर तुझा नुसता सूर कळायचा. सूर आनंदी असला की छान छान म्हणायचं, नसला की हो हो.

काल रात्रीच्या जेवणाआधी डबा उघडला, नवा सेल घालून मशीन कानात बसवलं आणि नळ सोडला. बादलीत पाणी पडण्याचा आवाज आला गं! मोटर कुठेतरी मागे नुसती गुणगुणत होती. मी तिथेच बसून रडले, आणि मनात पहिलं आलं ते हेच, की आता चिमीचा आवाज. म्हणून हे पत्र. पत्र हाती पडलं की येणाऱ्या रविवारी सकाळी दहाला फोन कर. मी ओट्याशीच उभी असेन, कानात मशीन, नळाखाली बादली, मोटर चालू. रागावून बोल, पिल्लालाही बोलू दे. आणि एखादा शब्द निसटलाच, तर या वेळी तुझी आई हो हो म्हणणार नाही. ऐकू आलं नाही, परत सांग, असं म्हणेल.

तुझीच,
फोनपाशी उभी,
आई