बारीक नस

वन्सं,

परवा सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तुमच्या भावाचा उजवा हात गळाला आणि जीभ जड झाली. अर्धांगाचा झटका, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. रुग्णवाहिकेत डोळ्यांसमोर असाच झटका आलेले तुमचे बाबाच होते. शेवटपर्यंत एक शब्द नाही, आणि उशाशी तुम्ही.

डॉक्टरीणबाईंनी यांच्यापुढे मनगटावरचं घड्याळ धरलं. "हे काय आहे?"

बाबांना असंच घड्याळ दाखवलं होतं, तेव्हा ते नुसते बघत राहिले होते.

"घलाळ," हे बोबडे बोलले. "आणि मागं पल्लंय."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मनगटावरचं खरंच मागं पडलं होतं.

मग त्यांनी समजावलं. बाबांच्या मेंदूची मोठी नस बंद झाली होती, तिच्याबरोबर भाषाच गेली. यांची आत खोलवरची बारीक नस बंद झालीय. हात आणि जीभ अडखळतात, शब्द शाबूत आहेत. यातून बहुतेक जण सावरतात. रक्तदाब मात्र सांभाळायचा, नाहीतर पुन्हा गाठेल.

फोनवर मी तुम्हाला एवढंच म्हटलं, "बरे आहेत." बाहेर बाकावर बसून मी हसत होते, ते सांगितलं नाही. तुमच्या वाट्याला आलं ते माझ्या वाट्याला आलं नाही, याचा आनंद तुम्हालाच कसा कळवू? म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

आत हे उशीवरून नर्सशी भांडतायत. शब्द अर्धे आहेत, भांडण पूर्ण आहे. मी मध्ये पडणार नाही.

तुमची,
वहिनी