चौदावा रकाना

४ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं, आणि लगेच जिने चढायला लागलीस हे वाचून तितकाच रागही आला. इकडे तुझ्याच जुन्या संस्थेत, तुझ्याच खोलीत मी स्पॅनिश शिकवते आणि समोर सगळे जांभया देतात. बाविसांचे नऊ उरलेत. सत्राअखेर आठाच्या खाली गेले तर वर्ग बंद आणि मी घरी. म्हणून सिनेमे दाखवायचं ठरवलं. माणसं बोलताना दिसली की भाषेची भीती जाते, हे तूच मला लहानपणी सांगायचीस.

पण इथे चित्रपट-निवड समिती आहे. प्राचार्य, ग्रंथपालबाई आणि व्यायामाचे सर. तिघांनाही स्पॅनिशचा गंध नाही. त्यामुळेच निर्णय निःपक्षपाती होतो असं प्राचार्यांचं म्हणणं. शेजारी टंकलेखनाचा वर्ग भरतो, म्हणून ते सिनेमा आवाज बंद करून पाहतात. पहिला गेला, कारण नायक सिगारेट ओढतो. दुसऱ्यात शिक्षकाची फजिती होती. तिसऱ्यात काहीच वावगं सापडेना, तेव्हा माणसं हातवारे फार करतात असा सरांनी शेरा मारला. एकमताने मंजूर झाला तो मिठागरांवरचा माहितीपट. त्यात माणूसच नाही. आता माझे नऊही विद्यार्थी मीठ उन्हात वाळतं हे स्पॅनिशमध्ये बिनचूक सांगू शकतात.

वर्गात एक निवृत्त पोस्टमनकाका आहेत. त्यांची सून स्पॅनिश बोलणारी, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच घरी येते आहे. तिला दारातच मिठाची माहिती देऊ का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. ते आणि त्यांच्या शेजारी बसणारी नर्स, दोघंही सोडायच्या बेतात आहेत. म्हणजे सात.

मला दाखवायचा आहे तो एका म्हाताऱ्या न्हाव्याचा सिनेमा. दुकान बंद करायच्या दिवशी त्याची रुसलेली मुलगी येऊन त्याचेच केस कापते. तो अडलाय तपासणी-तक्त्याच्या चौदाव्या रकान्यात: पाहणाऱ्यास रडू येण्याची शक्यता. असला रकाना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला असेल?

तुझी वैतागलेली पण प्रेमळ,
भिंगरी

११ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी समिती वाचून हसता हसता चष्मा पडला. व्यायामाच्या सरांना म्हणावं, हातवारे नकोत तर कवायत तरी कशाला घेता? मात्र त्या न्हाव्याचा नाद सोड. जुना, रडका सिनेमा आहे. एखादा विनोदी शोध. तक्ते कोण करतं आणि का, याच्या खोलात शिरू नये, संस्था अशाच चालतात. गुडघा ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझी सदैव काळजीत असलेली,
मावशी

१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ग्रंथपालबाईंनी जुनी फाईल काढून दिली. मूळ तक्ता हाताने लिहिलेला आहे. तो 'झ', तिरक्या शेपटीवाला, मी दर पंधरवड्याला पत्रात पाहते. खाली तुझी सही. पहिलाच अर्ज आहे तू ज्यांना 'नाटक्या सर' म्हणायचीस त्यांचा, याच न्हाव्याच्या सिनेमासाठी. शेरा: रडू येण्याची शक्यता आहे, नामंजूर.

मला राग आलाय, मावशी. जाईल, पण आधी तू खरं लिही.

भिंगरी

२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद. रागावलीस तरी ते आहेतच.

खरं सांगते. आम्ही दोघं शेजारशेजारच्या वर्गांत स्पॅनिश शिकवायचो. त्यांनी तो सिनेमा दाखवला, अख्खा वर्ग रडला, आणि पुढच्या आठवड्यात माझे अकरा विद्यार्थी तिकडे गेले. मी शिस्तीची, ते नाटकी. मी जळले. दुसऱ्याच दिवशी बसून तक्ता लिहिला. सिनेमा परत दाखवायचा अर्ज त्यांनी केला तेव्हा तो तयार होता. वर्षभरात ते संस्था सोडून गेले. मी खोली जिंकली. त्यांनी सिनेमा दाखवला त्या दिवशी दाराआड उभी राहून मीही रडले होते, हे कुणालाच माहीत नाही.

तक्त्याच्या पाठीमागे सातवा नियम वाच. भाषा जाणणाऱ्या आजी-माजी विभागप्रमुखाने वर्गासोबत बसून सिनेमा पाहिला, तर त्याचं मत अंतिम. उद्या माझाच सिनेमा अडकला तर असावा म्हणून घातला होता. ते पद माझंच होतं, म्हणून मी येते. जिना चढू नकोस असं लिहू नकोस.

मावशी

१२ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सिनेमा संपताच तू तक्ता भरून दिलास आणि शेवटच्या बाकावरून तशीच निघून गेलीस, म्हणून लिहिते. प्राचार्यांनी तुझा तक्ता समितीत मोठ्याने वाचला. रडू येण्याची शक्यता: आहे. आधार: मी स्वतः, दोनदा. हरकत: नाही. व्यायामाच्या सरांनी विचारलं की दोनदा म्हणजे मध्यंतराआधी की नंतर. मी सांगितलं, मध्ये सव्वीस वर्षं गेली. त्यांनी ती नोंद करून घेतली. आता पंधरावा रकाना येतोय, हसू येण्याच्या शक्यतेचा.

नऊचे नऊ टिकले, आणखी चौघं आले. पोस्टमनकाकांची सून परवा आली. दारात त्यांनी तिला न्हाव्याचं वाक्य म्हणून दाखवलं, की बस, आज कसलीही घाई नाही. ती बसली, आणि मग बराच वेळ बोलत राहिली. त्यांना त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण ते उठले नाहीत.

आणखी एक. नाटक्या सरांचं टपाल पंधरा वर्षं पोस्टमनकाकांनीच वाटलं. पत्ता तोंडपाठ आहे, सर अजून तिथेच राहतात. तो या पत्राच्या पाठीमागे लिहिलाय. एक कोरं पाकीटही घातलंय, तिकीट लावून. त्यांना मी लिहिणार नाही.

माझा राग गेला. लोभ आहेच, त्यांच्यासाठीही थोडा काढ.

तुझी,
भिंगरी